वृद्धांसाठी दारोदार फिरलेली संत झान झुगाँ



रविवारची मिस्सा आटोपून आपण चर्चबाहेर पडतो, तेव्हा कधी कधी एखाद्या वृद्धाश्रमाची धर्मभगिनी मदतीची पेटी घेऊन दाराशी उभी असते. आपण खिशात हात घालतो, हाताला लागेल ती नोट पेटीत टाकतो आणि पुढे होतो. ज्यांच्यासाठी ती मागते, त्यांची आपल्याला थोडीफार कणव येते. पण मागणाऱ्या त्या भगिनीला मागण्यासाठी मनाशी किती झगडावे लागले असेल, हा विचार सहसा आपल्याला शिवत नाही. आज जिची ओळख मी आपणांस करून देणार आहे, त्या स्त्रीने सुमारे दहा वर्षे निराधार वृद्धांसाठी लोकांच्या दारांत उभे राहून काढली. पुढे त्या कार्याचे श्रेय तिच्याकडून काढून घेण्यात आले, तेव्हा तिने तेही देऊन टाकले. तिचे नाव झान झुगाँ.

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथे समुद्राकाठी कांकाल हे कोळ्यांचे गाव आहे. त्या गावच्या एका वस्तीत २५ ऑक्टोबर १७९२ रोजी झानचा जन्म झाला. तो राज्यक्रांतीचा काळ होता. राजेशाही संपून प्रजासत्ताकाची घोषणा होऊन जेमतेम महिना लोटला होता. लवकरच चर्चचे दरवाजे बंद झाले, धर्मगुरू परागंदा झाले किंवा लपून राहू लागले, आणि मुलांना प्रार्थना शिकविण्याचे काम घराघरांतील आया गुपचूप करू लागल्या. झानचे वडील जोसेफ हे कोळी होते. त्या किनाऱ्यावरील पुरुष मासेमारीसाठी महिनेच्या महिने दूर समुद्रात जात आणि त्यांच्या बायका आकाशाकडे पाहत दिवस मोजीत. झान साडेतीन वर्षांची असताना वडील असेच गेले, ते परतले नाहीत. आईने मोलमजुरी करून मुले वाढविली. झान गुरे राखी, सूत काती, लोकर विणी आणि विणता विणता जपमाळ म्हणे. शाळेचा योग तिच्या नशिबी फारसा आलाच नाही.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती जवळच्याच एका उमराव घराण्यात स्वयंपाकघरातील कामासाठी राहिली. घराची मालकीण धर्मशील होती. गरिबांच्या घरी अन्न पोचविण्यासाठी ती या मुलीलाच बरोबर नेई. गरिबाच्या दारात कसे उभे राहावे, त्याला लाज न वाटू देता हातातील वस्तू कशी द्यावी, हे झानने तेथेच पाहिले असावे, असे मला वाटते. पुढे तिला दात्याच्या दारात उभे राहावयाचे होते, आणि तेथेही हीच रीत कामी येणार होती. याच काळात एका तरुण खलाशाने तिला मागणी घातली. तिने नकार दिला. देवाने आपल्याला अजून सुरूच न झालेल्या एका कार्यासाठी राखून ठेवले आहे, असे काहीसे तिने आईला सांगितले म्हणतात. ते कार्य कोणते, हे त्या वेळी तिलाही ठाऊक नव्हते, आणि ते कळावयाला आणखी वीस-बावीस वर्षे जावी लागली.

वाचकहो, ही वीस-बावीस वर्षे चरित्रकार भराभर ओलांडतात, आणि आपणही तसेच करू. १८१७ साली, पंचविशीत, झान सँ सेर्वाँ या बंदराच्या गावी आली. तेथील रुग्णालयात तिने सहा वर्षे रुग्णसेवा केली आणि त्या कष्टांनी ती पार खचली. नंतर लकॉक नावाच्या एका प्रौढ अविवाहित बाईंनी तिला आपल्याकडे ठेवून घेतले. नावाला ती त्यांची मोलकरीण, पण दोघी बारा वर्षे मैत्रिणींसारख्या राहिल्या. दोघी मिळून प्रार्थना करीत, मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांची विचारपूस करीत. १८३५ मध्ये बाई वारल्या. त्यांनी झानच्या नावे थोडे सामान आणि चारशे फ्रँक ठेवले होते. त्यानंतर फ्रान्स्वाज ओबेर नावाच्या एका वृद्धेबरोबर झानने एका लहान घराचा काही भाग भाड्याने घेतला. व्हर्जिनी त्रेदानिएल ही सतरा वर्षांची अनाथ मुलगीही त्यांच्यात येऊन मिळाली. सूत कातणे, लोकांचे कपडे धुणे, घरकाम करणे यांवर तिघींचा निर्वाह चाले.

१८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, झानने एक निर्णय घेतला. आन शोव्हँ नावाची एक विधवा गावात होती. ती आंधळी होती, अर्धांगवायूने तिचे अर्धे शरीर लुळे पडले होते, आणि तिला पाहणारे कोणी उरले नव्हते. झानने तिला उचलून घरी आणले, जिना चढून वर नेले आणि आपल्या बिछान्यावर निजविले. स्वतः ती माळ्यावर झोपू लागली. लौकरच दुसरी वृद्धा आली. तेव्हा बिछाना सोडण्याची पाळी व्हर्जिनीची होती. आज जगभर पसरलेल्या एका मोठ्या सेवाकार्याचा आरंभ हा असा झाला. त्यासाठी कोठे सभा भरली नाही, निधीचे आवाहन निघाले नाही. आहे तो बिछाना रिकामा केला, एवढेच.

परंतु बिछाना दिल्याने पोट भरत नाही. १८४१ मध्ये एक मोठे घर भाड्याने घेतले तेव्हा तेथे बारा वृद्धा राहावयास आल्या. पुढच्या वर्षी एका जुन्या मठाची इमारत विकत घेतली आणि रहिवाशांची संख्या चाळिसांवर गेली. या मुलींनी रात्री जागून सूत कातले तरी एवढ्या तोंडांना पुरेल इतके अन्न येणार कोठून? वृद्धांपैकी बहुतेकजणी पूर्वी भीक मागून जगत. ज्यांना चालता येई त्या अजूनही मागावयास जात, आणि तेथे जुन्या सवयी परतत. मिळालेल्या पैशांची दारू होई, अपमान होई, पावसाथंडीत आजार जडे. त्यांना बाहेर जाऊ देणे झानला नको होते, आणि घरात ठेवून उपाशी ठेवणे तर शक्यच नव्हते.

संत योहान ऑफ गॉड यांच्या संघातील एका धर्मबंधूने तिला मार्ग सुचविला. वृद्धांच्या ऐवजी तिनेच मागावयास जावे. झानने प्रत्येक वृद्धेला विचारले, तू कोणाच्या दारी जात होतीस, तेथे तुला काय मिळत असे. मग टोपली हातात घेऊन ती त्याच दारांत जाऊ लागली. अमुक आजी आता येणार नाही, तिच्या जागी मी आले आहे, तिला द्यावयाचे ते माझ्याकडे द्या, अशी तिची साधी मागणी असे.

आपल्याकडे माधुकरीची परंपरा आहे, त्यामुळे मागण्यातील कमीपणा आपल्याला कदाचित तितकासा जाणवणार नाही. ब्रिटनीच्या कोळी माणसाचा स्वभाव निराळा होता. गरिबी त्याला चाले, पण हात पसरणे चालत नसे. झान त्याच मातीतली होती. ज्या गावात ती वीस-पंचवीस वर्षे स्वाभिमानाने कष्ट करून राहिली, तेथेच ओळखीच्या माणसांपुढे टोपली धरावयाची होती. हे आपल्याला फार जड गेले, पण देवासाठी आणि आपल्या लाडक्या गरिबांसाठी आपण ते केले, असे तिने पुढे तरुण भगिनींना सांगितले. लाज वाटलीच नाही, असा आव तिने कधी आणला नाही, आणि यामुळे मला तिच्याविषयी अधिकच आदर वाटतो.

टोपलीत केवळ पैसेच पडत नसत. बटाटे, पावाचे तुकडे, जेवणावळीतील उरलेले अन्न, लोकर, जुने कपडे, सरपण, जे मिळेल ते ती घेई. जे तुम्हांला नकोसे झाले आहे ते आमच्या आजीबाईंना हवेच आहे, अशी तिची भूमिका होती. त्यामुळे ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही असा माणूस तिला गावात सापडतच नसे. तिच्याविषयी दोन आठवणी सर्वत्र सांगितल्या जातात. एका चिडलेल्या माणसाने तिच्यावर हात उगारला आणि तो तिला लागलाही. ती शांतपणे म्हणाली की हे मला मिळाले, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या. दुसरी आठवण एका श्रीमंत, चिकट, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची आहे. त्याच्याकडून तिने एके दिवशी बऱ्यापैकी दान मिळविले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच्या दारात हजर झाली. तो संतापला. झान हसून म्हणाली की माझ्या गरिबांना काल भूक लागली होती, आज लागली आहे आणि उद्याही लागणार आहे. त्याने पुन्हा दिले, आणि यापुढेही देत राहण्याचे वचन दिले.

या दुसऱ्या आठवणीपाशी, वाचकहो, क्षणभर थांबावेसे वाटते. नाताळ जवळ आला की वृद्धाश्रमांत फळांच्या करंड्या येऊन पडतात, केक येतात, मुलांचे गायनवृंद येतात, छायाचित्रे काढली जातात. त्यात वाईट काहीच नाही. आश्रमातील आजी-आजोबांना तो दिवस आनंदाचाच जातो. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तेथील कोठीघरात डोकावणारा विरळाच. वृद्धाचे औषध महिन्याच्या महिन्याला लागते, दूध रोजच्या रोज लागते, अंथरूण ओले करणाऱ्या आजोबांच्या चादरी दिवसातून दोनदा धुवाव्या लागतात. झान झुगाँ त्या म्हाताऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गेली, ती याच हिशेबाने.

तिच्या या श्रमांची वार्ता गावाबाहेर गेली. सँ सेर्वाँच्या नगराध्यक्षांनी आणि प्रतिष्ठितांनी सह्या करून फ्रेंच अकादमीकडे अर्ज धाडला, आणि ११ डिसेंबर १८४५ रोजी तिला माँत्याँ पुरस्कार जाहीर झाला. सत्कृत्याबद्दल गरीब माणसाला देण्यात येणारा हा पुरस्कार तीन हजार फ्रँकांचा होता. पॅरिसमधील विद्वानांच्या सभेत तिच्या गौरवाचे भाषण झाले आणि ते छापून निघाले. झानने पैसे घरासाठी वापरले आणि छापील भाषणाची प्रत टोपलीबरोबर बाळगली. नव्या गावी कोणी ओळखले नाही तर दाखवावयास ते ओळखपत्र झाले. पुरस्काराचा याहून चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

येथून पुढची कथा सांगताना माझी लेखणी अडखळते. तरीही ती सांगितली पाहिजे, कारण ती लपविण्याचाच प्रयत्न पुष्कळ वर्षे झाला. झानभोवती जमलेल्या मुलींना सँ सेर्वाँचे तरुण सहायक धर्मगुरू ऑग्युस्त ल पाय्यर हे मार्गदर्शन करीत. १८४२ मध्ये त्यांचा लहानसा संघ बनला आणि झान त्यांची प्रमुख निवडली गेली. ८ डिसेंबर १८४३ रोजी तिची फेरनिवड झाली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, २३ डिसेंबरला, फादरांनी ती निवड स्वतःच्या अधिकारात रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला प्रमुख नेमले. झानला त्यांनी मागण्याच्या कामावर धाडले. तिने वाद घातला नाही. टोपली उचलली आणि ती निघाली.

त्यानंतरच्या वर्षांत प्रमुखपद दुसरीकडे होते, पण घरे उभी राहत होती ती झानच्या पायपिटीवर. १८४६ मध्ये रेन आणि दिनाँ येथे वृद्धाश्रम निघाले, पुढच्या वर्षी तूर येथे. एखादा आश्रम कर्जात बुडाला किंवा नगराधिकाऱ्यांनी अडवणूक केली की झानला बोलावणे येई. ती जाई, गाव पालथे घाली, अडचण निवारी आणि पुढे निघे. १८४९ च्या सुमारास लोकांनीच या भगिनींना दीनांच्या लहान भगिनी हे नाव दिले. आपल्याकडे त्या लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर या नावाने परिचित आहेत. आँजे शहरातील आश्रम १८५० चा. तेथे एकदा वृद्ध मंडळी कोरडा पाव खाताना झानला दिसली. लोणी भरपूर पिकणाऱ्या मुलुखात ही अवस्था का, असे तिने विचारले. लोणी विकत घ्यावयास पैसे नाहीत, असे उत्तर आले. तिने संत योसेफाच्या पुतळ्यापुढे लोण्याची रिकामी भांडी मांडावयास लावली आणि आमच्या वृद्धांसाठी लोणी पाठवा, अशी विनंती लिहून तेथे ठेविली. आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती पाहिली, कारण विचारले, आणि थोड्याच दिवसांत एका दात्याने भरपूर लोणी पाठविले. याच शहरात तिने लष्करी तुकडीच्या प्रमुखाला गाठून सणाच्या दिवशी वृद्धांसाठी वाद्यवृंदही मागून आणला. म्हाताऱ्या माणसाला अन्नवस्त्राइतकीच करमणूकही हवी असते आणि तीही मागता येते, हे तिला कळले होते.

१८५२ मध्ये बिशपमहोदयांनी संघाला मान्यता दिली. त्याच वर्षी फादर ल पाय्यर यांनी झानला रेन येथील मुख्य मठात बोलावून घेतले. यापुढे मागावयास जावयाचे नाही, दात्यांशी संबंध ठेवावयाचा नाही, असा हुकूम झाला. ती साठीला टेकली होती. पुढची सत्तावीस वर्षे तिने निवृत्तीत काढली. प्रथम रेन येथे, आणि नंतर सँ पेर्न गावी १८५६ मध्ये घेतलेल्या ला तूर सँ जोसेफ या मठात. तिचे संघातील नाव सिस्टर मारी द ला क्रवा, म्हणजे क्रुसाची मारी, असे होते. नव्या उमेदवार मुलींना शिकविले जाई की संस्थापक फादर ल पाय्यर, पहिल्या भगिनी मारी जामे आणि व्हर्जिनी, आणि या काठी टेकत चालणाऱ्या आजी त्यांच्यानंतर आलेल्या तिसऱ्या. त्या मुली तिच्याबरोबर बागेत फिरत, तिच्याकडून प्रार्थना शिकत, तिचे विनोद ऐकत. ज्या घराच्या छपराखाली त्या राहत होत्या ते कोणाच्या टोपलीतून उभे राहिले, हे त्यांतील बहुतेकींना ठाऊक नव्हते. तुम्ही माझे कार्य चोरलेत, पण ते मी खुशीने तुम्हांला देते, असे झानने एकदा फादरांना हसत हसत ऐकविले होते, एवढीच तिची तक्रार नोंदली गेली आहे.

या दीर्घ शांततेत ती एकदाच पुढे आली. १८६५ मध्ये संघाला कायमस्वरूपी उत्पन्न देऊ करणारी एक देणगी आली. ती स्वीकारावी की नाही, असा प्रश्न सल्लागार मंडळापुढे पडला. आश्रमांची संख्या वाढली होती, हजारो वृद्धांची जबाबदारी होती, आणि निश्चित उत्पन्नाचा आधार कोणाही व्यवहारी माणसाला हवासा वाटला असता. त्या चर्चेसाठी, का कोण जाणे, झानला बोलावण्यात आले. तिने नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले की ठरीव उत्पन्न घेऊ नये, आजवर जसे देवाच्या कृपेवर आणि लोकांच्या दानावर चालत आलो तसेच पुढे चालावे. मंडळाने तिचे म्हणणे मान्य केले. संघाने स्थावर ठेवी आणि कायम उत्पन्न घ्यावयाचे नाही, हे जून १८६५ मध्ये ठरले आणि त्या कागदावर झानचीही सही आहे.

हा निर्णय शहाणपणाचा होता का? व्याजावर सुरळीत चालणारे पुष्कळ चांगले आश्रम आज आपल्या देशात आहेत आणि त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दात्याचे मन फिरले, मंदी आली, युद्ध पेटले तर दानावर जगणाऱ्या घराचे काय होते, ही भीतीही खोटी नाही. पण झानला भीती दुसरीच असावी. व्याज आपोआप येते. ते आणण्यासाठी कोणाचे दार वाजवावे लागत नाही, आणि मग आश्रमात कोण जगते आहे, कोण मरते आहे याची गावाला आठवण करून देणारेही कोणी उरत नाही. टोपली रोज फिरत राहिली तर गावातील माणसांना आपल्या म्हाताऱ्यांची रोज आठवण होते. पुढे कामाचा पसारा कितीही वाढला तरी संघाने ही वाट सोडली नाही. आजही या भगिनी बाजारात, दुकानांत, चर्चच्या दाराशी मागावयास जातात.

१ मार्च १८७९ रोजी पोप तेरावे लिओ यांनी संघाच्या नियमावलीला मान्यता दिली. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षात, झान देवाघरी गेली. तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या आणि १७७ आश्रम होते. तिच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १८९० मध्ये, फादर ल पाय्यर यांना चौकशीसाठी रोमला बोलावण्यात आले आणि त्यांचे अधिकार संपले. मारी जामे १८९३ मध्ये वारल्या. आपण पहिली भगिनी नव्हतो, संस्थापिकाही नव्हतो, ती झान झुगाँ होती, असे त्यांनी अखेरीस सांगून ठेवले. पन्नास वर्षे दुसऱ्याच्या जागेवर बसून, आज्ञापालन म्हणून गप्प राहिलेल्या त्या बाईंच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करवत नाही. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी झानला धन्यवादित घोषित केले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद दिले. कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियनही त्याच दिवशी संत म्हणून घोषित झाले.

आपल्या देशाशी तिचे नाते १८८२ पासूनचे आहे. तिच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी तिच्या भगिनी कलकत्त्यात आल्या आणि त्यांनी तेथे वृद्धाश्रम काढला. १९०० मध्ये बंगळूरला आणि १९०३ मध्ये सिकंदराबादला त्यांची घरे निघाली. धर्म, जात, भाषा न विचारता निराधार वृद्धांना तेथे आसरा मिळतो. त्या कलकत्त्याच्या आश्रमाचे दार १९४८ च्या डिसेंबरात अडतीस वर्षांच्या एका धर्मभगिनीने ठोठावले. लोरेटोचा मठ सोडून, पाटण्याला रुग्णसेवेचे थोडे शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती. अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी होती, आणि शहरात राहावयास तिला स्वतःची जागा नव्हती. झानच्या भगिनींनी तिला ठेवून घेतले. दानावर चालणाऱ्या त्या घरातून ती सकाळी पायी निघे आणि मोतीझीलच्या झोपडपट्टीत जाई. तिचे नाव सिस्टर तेरेसा.